वर जाणारी लाईन

नवं कनेक्शन मागायला कुणी आलं की अण्णा त्याला आधी बसवायचे, चहा ठेवायचे आणि मग चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "वर काय पाठवणार हाय तुमी?" माणूस बावचळायचा. तो सिनेमे बघायला, क्रिकेट बघायला, फार तर पोरांच्या अभ्यासाला म्हणून इंटरनेट मागायला आलेला असायचा. आपल्याकडून वरही काही जातं, हे त्याच्या गावीही नसायचं. ओशाळून म्हणायचा, काही नाही अण्णा, आपलं घरगुतीच. अण्णा खूश व्हायचे. "झालं तर मग. खाली पायजे तेवढं घ्या, सढळ हातानं देतो. वरचं घिऊन काय करायचंय?"

मला त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी नुकतीच सांगली सोडून सासरच्या गावी राहायला आले होते. उंब्रजवरून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव लागतं. सांगलीत मी शाळेत मराठी शिकवत होते. नवऱ्याची बदली कराडला झाली, शाळा सुटली, आणि मी परदेशातल्या मराठी घरांमधल्या मुलांना पडद्यावरून शिकवायला लागले. मी अण्णांना म्हटलं, मला वर माझं तोंड पाठवायचं आहे, रोज, दोन-दोन तास. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बाई, शिकवायला तोंड कशाला दिसाय पायजे? आवाज गेला की बास." मला वाटलं, ते गंमत करताहेत. मी हसलेसुद्धा.

ज्यांनी अण्णांना पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर माणूस दिसायला देखणा. उंच, ताठ, मिशी पांढरी पण कातरलेली, शर्टाला कडक इस्त्री, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. फौजेत सिग्नलला होते, म्हणजे तारा ओढायच्या, संदेश घ्यायचे आणि पुढे द्यायचे. पेन्शन घेऊन आल्यावर त्यांनी गावात आधी केबल टीव्ही आणला आणि मग इंटरनेटची काचेची वायर. लोक त्यांना वायरवाले अण्णा म्हणत. साठी उलटून गेली तरी खांद्यावर शिडी टाकून स्वतः खांबावर चढायचे. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरनं वायर तोडली तर जेवणाच्या ताटावरून उठून यायचे आणि जोडून झाल्याशिवाय परत जेवायला बसायचे नाहीत. कुणाच्या घरात शिरताना बूट काढून भिंतीला लावून जोडीनं ठेवायचे. अशा माणसाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही, आणि अण्णांचं सगळं त्यावरच चाललेलं होतं.

आता ही वरची आणि खालची भानगड सांगायला हवी. घरात इंटरनेट येतं ते दोन अंगांनी चालतं. सिनेमा, गाणी, बातम्या हे सगळं खाली, आपल्याकडे येतं. आपला आवाज, आपला चेहरा, आपण पाठवलेले फोटो हे वर जातं. अण्णांनी खालची बाजू सगळ्यांना मोकळी सोडलेली होती, त्यामुळे गाव खूश होतं. वरची बाजू मात्र त्यांनी चिमटीत धरलेली होती. त्या काचेच्या वायरीतून दोन्हीकडे सारखंच जाऊ शकतं, हे मला पुढे नवऱ्यानं सांगितलं. अडवलं असेल तर ते माणसानंच अडवलेलं असतं. आणि मोबाईलचं म्हणाल तर टॉवर डोंगराच्या पलीकडे, घरात रेंजची एखादी कांडी उमटली तर उमटली. सगळं गाव अण्णांच्या वायरीवर लटकलेलं.

त्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञानही होतं आणि चहा पिता पिता ते ऐकवायचे. "आमच्या पलटणीत साहेब बोलायचा, आमी ऐकायचो. खालच्यानं बी बोलाय सुरुवात किली की हुकूम कुठला आन गोंधळ कुठला, कळत न्हाई. गावाचं बी तसंच हाय." मी विचारलं, मग गावातला साहेब कोण? त्यांना प्रश्न आवडला. बशीतला चहा संपवून म्हणाले, "तुमी हुशार हाय, बाई."

सर्जेरावांच्या मुलीची गोष्ट मला त्यांनी अशीच चहा पिताना सांगितली. हे सर्जेराव खालच्या आळीतले. सोसायटीच्या निवडणुकीत अण्णांच्या माणसाविरुद्ध उभे राहिले आणि निवडून आले. अण्णांनी त्यांना हार घातला, पेढा भरवला. पुढे त्यांच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा दुबईला, आईवडील पुण्याला, म्हणून बघण्याचा कार्यक्रम पडद्यावर ठरला. मुलगी नटून बसली, पोहे झाले, आणि मुलाच्या आईनं पहिला प्रश्न विचारला तोच मुलीचं चित्र अडकलं. एक डोळा मिटलेला, तोंड अर्धं उघडं, पदर खांद्यावरून जरा घसरलेला. ती बोलत होती, पण पलीकडे काही पोचत नव्हतं. पलीकडचं मात्र अलीकडे लख्ख ऐकू येत होतं. त्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, पोरगी जरा मंदच दिसतीय. हे मुलीनं ऐकलं, तिच्या आजीनं ऐकलं, पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या राहिलेल्या सगळ्या बायकांनी ऐकलं.

संध्याकाळी अण्णा समाचाराला गेले. बूट भिंतीला लावले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, माकडांनी वायर कुरतडली असेल म्हणाले, उरलेले पोहे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी लाईन नीट करून दिली. मला हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. "सर्जेरावाचं वरचं जरा कमी किलं हुतं. जास्त न्हाई. तासभर." आणि खिशातून मोबाईल काढून दाखवला. त्यात घराघराची नावं होती आणि नावापुढे बोटानं मागेपुढे सरकवायची एक पट्टी. बोट इकडे नेलं की घराचं तोंड उघडायचं, तिकडे नेलं की मिटायचं. मला राग यायला हवा होता, पण त्याआधी भीती वाटली, कारण तिथे माझंही नाव होतं.

तरीही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बोलून गेले. बायका म्हणत होत्या, मुलीशी व्हिडिओवर बोलताना आम्ही दिसतच नाही तिला, आमचाच फोन खराब असेल. मी म्हटलं, फोन खराब नाही, वरची लाईन आवळलेली आहे, अण्णांना विचारा. त्यातल्या एकीनं खरंच विचारलं. त्या दिवसापासून माझे तास बंद पडले. मुलं पडद्यावर दिसायची, हसायची, आपसात बोलायची, आणि मी मात्र त्यांच्याकडे दगडासारखी. एका चिमुरडीनं मराठीच्या बाईंचं चित्र काढून पाठवलं. त्यात बाईंचे डोळे मिटलेले आणि तोंड वासलेलं होतं. चित्र हुबेहूब होतं.

शेवटी मी गेले अण्णांकडे. त्यांनी बसवलं, चहा ठेवला, माझ्या आईची तब्येत विचारली, मोबाईल काढला आणि अंगठा जरासा हलवला. "झालं बघा. सांगायचं न्हाई व्हय आधी? मी कवा कुनाला न्हाई म्हटलंय?" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि दुर्दैवानं ते खरंही होतं. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मी त्यांना धन्यवाद दिले. ते दिलेले धन्यवाद आजही घशात अडकून आहेत.

अण्णांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी शुभांगी लहान होती. थोरला मुलगा फौजेत, कायम कुठल्यातरी सीमेवर. शुभांगीला अण्णांनी एकट्यानं वाढवलं, आणि वाढवलं तेही असं की गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचा दाखला देत. तिच्या वेण्या त्यांनी घातल्या, भाकरी थापायला ते स्वतः आधी शिकले आणि मग तिला शिकवली. ती नर्सिंग शिकून कराडच्या एका दवाखान्यात लागली. तिची शेवटची एसटी यायच्या वेळेला अण्णा बॅटरी घेऊन फाट्यावर उभे असायचे. पाऊस असला तर दोन छत्र्या असायच्या, एक त्यांची आणि एक तिची. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि ते खोटं नव्हतं.

दवाखान्यातल्या दोघी-तिघी जर्मनीला नर्स म्हणून गेल्या, तेव्हा शुभांगीच्याही मनात आलं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं सांगलीला जाऊन ती जर्मन शिकायला लागली. अण्णांनी तिच्या पुस्तकांना स्वतः खाकी कव्हरं घातली. घरी पाहुणे आले की म्हणायचे, "शुभे, जरा बोलून दाव की." ती लाजत दोन वाक्यं बोलायची आणि अण्णा पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. ती परीक्षा पास झाली तेव्हा त्यांनी वायर असलेल्या प्रत्येक घरात पेढे वाटले. मलाही दिले. पेढा देताना म्हणाले, "लांब हाय वो जर्मनी. बघू, कसं जमतंय." त्यांच्या आवाजात काही वेगळं होतं असं मी आज म्हणू शकेन, पण तेव्हा मला ते जाणवलं नव्हतं.

मुलाखत पडद्यावरच व्हायची. पलीकडे तिथल्या हॉस्पिटलची माणसं, अलीकडे ही, आणि जर्मनमधून बोलणं. शुभांगीची पहिली मुलाखत घरातून झाली आणि मध्येच चित्र अडकून बंद पडली. दुसरीही तशीच. तिनं नवा लॅपटॉप घेतला, खोली बदलून पाहिली, खिडकीपाशी बसून पाहिली. अण्णा तिच्याबरोबर खांबापर्यंत जाऊन वायरीकडे बघून आले आणि माकडांना शिव्या घालून मोकळे झाले. ज्या संस्थेमार्फत हे चाललं होतं, त्यांनी कळवलं की हॉस्पिटलवाले आणखी एकदाच वेळ देतील, त्यानंतर नाव निघेल. दवाखान्यातल्या वायफायवर मुलाखत द्यायची तर नोकरी सोडून चाललोय हे तिथेच जाहीर करण्यासारखं होतं. म्हणून ती माझ्याकडे आली. बाई, तुमच्याकडे बसू का, तुमची लाईन सध्या चांगली आहे. मी म्हटलं, वेडी का तू, विचारतेस काय.

मी सकाळपासून तयारीला लागले. लॅपटॉप चार पुस्तकांवर ठेवला म्हणजे तिचा चेहरा समोरून नीट दिसेल. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. लाईन तपासून घेतली, उत्तम होती. दुपारी शुभांगी आली ती पांढरा कुडता घालून, केस घट्ट बांधून, कपाळाला अंगारा लावून. अंगारा पाहून मी विचारलं, देवळात जाऊन आलीस का. म्हणाली, देवळात गेले, आईच्या फोटोला नमस्कार केला, अण्णांच्या पाया पडले. अण्णा काय म्हणाले? म्हणाले, यशस्वी हो. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. मी विचारलं, कुठे चाललीस ते सांगितलंस त्यांना? तिनं मान हलवली. आपल्याकडे परीक्षेला, मुलाखतीला, नव्या नोकरीला जाताना घरातल्या मोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही, आणि पाया पडताना कुठे निघालो हे सांगावंच लागतं. ती तेच करून आली होती.

पडद्यावर एक चष्म्याच्या बाई आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ आले. नमस्कार झाले. पहिल्या प्रश्नाला शुभांगीनं उत्तर दिलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ती न अडखळता बोलत होती आणि त्या बाई मान डोलवत होत्या. दुसरा प्रश्न आला. शुभांगी बोलायला लागली आणि बाईंची मान डोलायची थांबली. तिनं कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर प्रयत्न केला, तो तुकड्या-तुकड्यांनी जात होता. तिनं टाईप करून कळवलं की लाईन खराब आहे. त्यांनी उत्तर दिलं की रुग्णाशी बोलायचं काम आहे, तेव्हा बोलताना पाहिल्याशिवाय निवड होणार नाही, थोडा वेळ थांबतो. माझ्या मोबाईलवरून जोडायला गेलो तर कांडी आली आणि गेली. मी चपला न घालताच अण्णांच्या घराकडे पळाले. मधे दोनच घरं होती.

अण्णा सोप्यात बाजेवर बसून मोबाईलवर बैलगाडा शर्यत बघत होते. मी म्हटलं, अण्णा, वरची लाईन गेली, ती तिकडे बसलीय, माणसं थांबलीत. ते म्हणाले, बसा की, चहा ठेवतो. मी म्हटलं, चहा नको, लाईन द्या. त्यांनी शर्यतीचा व्हिडिओ थांबवला, मग चष्मा शोधायला लागले. बाजेवर शोधला, उशीखाली शोधला. चष्मा कपाळावर होता. मी तो तिथे असल्याचं सांगितलं तेव्हा हसले. मग मोबाईलकडे बराच वेळ बघून म्हणाले, कराडवरूनच काहीतरी बिघडलेलं दिसतंय. मी म्हटलं, खालचं सगळं येतंय, वरचंच जात नाही, आणि ते तुमच्या बोटाखाली आहे. हे बोलताना माझा आवाज चढला होता. त्यांचा चढला नाही.

"बाई, मी तिला न्हाई म्हटलंय का कवा? इचारा तिला. शिकायचं म्हनली, शीक म्हटलं. सांगलीला जाती म्हनली, जा म्हटलं. आज पाया पडली, तवा आशीर्वाद दिला. एकदा तरी न्हाई म्हटलंय का मी?"

"मग हे काय चाललंय, अण्णा?"

ते शर्यतीच्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिले. "ती गिली की ह्या घरात मी बोलायचं कुनासंगं?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं. सगळ्या गावाची तोंडं बंद करून ठेवलेल्या माणसाला बोलायला कुणी उरलं नाही तर तो न्यायच झाला. पण मला ते त्यांच्याशी वाद घालून जिंकायचं नव्हतं, मला शुभांगीची लाईन हवी होती, म्हणून मी हात जोडले. खरोखर, दोन्ही हात जोडले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणखी थोडं पाहिलं, आणि मग अंगठा सरकवला. "झालं बघा. आता बोला कितीबी."

मी घरी पोचले तेव्हा पडद्यावर कुणी नव्हतं. शुभांगी खुर्चीत तशीच बसलेली होती, हात मांडीवर. मी विचारलं, काय म्हणाले. ती सरळ आवाजात सांगायला लागली. आपलं बोलणं हिला ऐकू जात नाही असं समजून ते दोघं आपसात बोलत होते. बाई म्हणत होत्या, कागदपत्रं चांगली आहेत, बोलतेही छान, वाईट वाटतं. ते गृहस्थ म्हणाले, तिसरी वेळ आहे. जिला एक लाईन धड बघता येत नाही ती वॉर्ड काय सांभाळणार? शब्द न्‌ शब्द कळला, बाई, ती म्हणाली. दोन वर्षं त्यासाठीच तर शिकले होते.

मी तिला सगळं सांगून टाकलं. मोबाईलमधली नावं, सर्जेरावांची मुलगी, आत्ताचा घड्याळाकडे बघणारा तिचा बाप, काहीही न लपवता सांगितलं. ती रडेल किंवा माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तिनं लॅपटॉप मिटला.

"मला पयल्या वेळेलाच कळलं हुतं."

"मग कशाला सांगितलंस त्यांना, इथे येतेय म्हणून? गुपचूप यायचंस."

"पाया पडल्यावर तरी सोडतील असं वाटलं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं घरी जाऊन भाकरी केली, अण्णांना वाढली. भांडण नाही, अबोला नाही. थोड्या दिवसांनी तिनं अण्णांना सांगितलं की सांगलीच्या एका दवाखान्यात नोकरी मिळतेय, तिथेच खोली घेऊन राहीन. अण्णांची पंचाईत झाली. कुणाला नाही म्हणायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि सांगलीच्या खोलीत त्यांची वायर पोचत नव्हती. ते तिला ट्रंक घेऊन फाट्यापर्यंत सोडायला गेले. सांगलीत तिनं दुसऱ्या संस्थेमार्फत नाव घातलं, जर्मनच्या क्लासमध्ये बसून मुलाखत दिली आणि पहिल्या फटक्यात निवडली गेली. क्लासची लाईन काही खास नव्हती, असं तिनं मला फोनवर सांगितलं. साधीच होती. तेवढी पुरली.

जायची तारीख अण्णांना मुलाकडून कळली. त्यांनी उंब्रजला महामार्गाच्या पुलाजवळ, सेवारस्त्याच्या कडेला, मोठा फ्लेक्स लावला. गावची कन्या जर्मनीला रवाना, हार्दिक अभिनंदन. फ्लेक्सवर अण्णांचा फौजेच्या गणवेशातला फोटो माणसाएवढा होता आणि शुभांगीचा त्यांच्या कोपराखाली. बेंजोवाले बोलावले, हार आणला, सरपंचांना उभं केलं. सांगलीहून मुंबईला जायचं तर गाडी तिथूनच जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गाडी तिथूनच गेली, पण पुलावरून. खाली उतरलीच नाही. अण्णा हार हातात घेऊन सेवारस्त्यावर उभे होते, आणि बेंजोवाले कुणी थांबवेना म्हणून वाजवत होते. शुभांगीनं पोचल्यावर मला कळवलं की वरून फ्लेक्स दिसला, फोटो बरा आलाय.

माणूस यानंतर सुधारला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. अण्णा सुधारले नाहीत. गावाची वरची लाईन त्यांनी तशीच आवळून ठेवली, माझी तर वर्षभर अधूनमधून बंदच असायची. मोकळी केली ती फक्त स्वतःच्या घराची. रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मोबाईलसमोर बसायचे आणि शुभांगीला व्हिडिओ लावायचे. ती उचलायची, नेहमी उचलायची. उचलून मोबाईल ओट्यावर आडवा ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. अण्णांना छत दिसायचं आणि एक ट्यूबलाईट. नळाचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा. ऊस गेला, अमक्याचं लग्न झालं, आपली म्हैस व्यायली, असं सगळं अण्णा त्या छताला सांगायचे. एकदा मी लाईनची वर्गणी भरायला गेले होते तेव्हा हे पाहिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "कामात असती वो ती. पर ऐकती. सगळं ऐकती." मला त्यांची कीव आली नाही. यायला हवी होती असं माझा नवरा म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. सकाळी खांबावर चढायला शिडी लावली आणि शिडीच्या पायाशीच बसले ते उठले नाहीत. मुलगा दुपारी विमानानं पुण्याला आणि तिथून गाडीनं पोचला. अंगण भरलेलं होतं. सर्जेरावही होते, खांदा द्यायला पुढे. मुलानं शुभांगीला व्हिडिओ लावला, तिला तोंड बघू दे म्हणाला, आणि त्याला आंघोळीला बोलावलं म्हणून मोबाईल माझ्या हातात देऊन गेला. लाईन उत्तम होती. कमी करायला आता कुणी शिल्लक नव्हतं.

शुभांगी तिच्या स्वयंपाकघरात उभी होती, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, केस कापलेले. या वेळी मोबाईल तिनं हातात धरला होता आणि तिचा चेहरा समोर होता. मी मोबाईल अण्णांच्या तोंडापाशी नेला. तिनं पाहिलं. डोळ्यांवर ठेवलेली तुळशीची पानं, कपाळाचा गुलाल, कातरलेली मिशी, सगळं नीट पाहिलं. मग तिच्या चुलतआजी पुढे झाल्या आणि माझं मनगट धरून खाली नेलं. "आवं बाई, पायापाशी धरा. लेकीला पाया पडू द्या."

मी मोबाईल पायांपाशी धरला. दोन्ही अंगठे दोऱ्यानं बांधलेले होते. बायकांनी वाट करून दिली, सगळ्याजणी पडद्याकडे बघत थांबल्या. शुभांगी उभी होती. तिनं हात जोडले नाहीत, मान लववली नाही, बोलली नाही. पापणीसुद्धा हलली नाही. बाहेरून कुणीतरी म्हणत होतं, उचला आता, ऊन उतरलं. तरी ती तशीच.

"अडकलं जणू," चुलतआजी म्हणाल्या. "हालंना की चित्र. मेली ती वायर."

तिच्या मागच्या खिडकीत पातळ पडदा वाऱ्यानं उडत होता. आत येत होता, बाहेर जात होता.

"हो, अडकलंय," मी म्हटलं, आणि तिरडी उचलेपर्यंत मोबाईल तसाच धरून उभी राहिले.